फेब्रुवारीतच पारा ३८, वर विजांचा इशारा: रानातल्या पेंढ्यांचं काय करायचं?

मोहोळ तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा हा प्रश्न. त्याच्याच शब्दांत थोडक्यात देतो: "काका, फेब्रुवारी अजून सरला नाही आणि दुपारी पारा ३८ वर. त्यात अंदाज आलाय, शुक्रवार ते रविवार सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, वारं ताशी ३० ते ४० किलोमीटर. आभाळ तर काचेसारखं स्वच्छ आहे. चार एकर मालदांडी ज्वारी काढून पेंढ्या रानात पडल्यात. मळणी यंत्रवाला सोमवार म्हणतोय. मेव्हण्याचा बेदाणा कासेगावला रॅकवर आहे. एवढ्या कोरड्या उन्हात पाऊस येणार कुठून? आणि याला उष्णतेची लाट म्हणायची का?"

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या चार एकरावर पाऊस पडेल त्यापेक्षा पडणार नाही याचीच शक्यता जास्त आहे. तरीही गुरुवारी दिवस मावळायच्या आत पेंढ्या एका जागी आणून झाकल्याच पाहिजेत. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण नाहीत. हवेच्या अंदाजावर माणसं चिडतात त्यातलं निम्मं चिडणं इथंच होतं.

अंदाजातला 'तुरळक' हा शब्द बोलण्यातला नाही, मोजणीतला आहे. पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस झाला, तर तो तुरळक ठिकाणी. पाव ते निम्म्या केंद्रांवर झाला तर काही ठिकाणी, निम्मी ते पाऊण भरली तर बऱ्याच ठिकाणी, त्याच्या पुढं बहुतांश ठिकाणी. म्हणजे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या आपल्या अकरा तालुक्यांत दोन तालुके भिजले आणि नऊ कोरडे राहिले, तरी 'तुरळक' अगदी बरोबर ठरला. नऊ तालुक्यांतले लोक मात्र "हवामानखात्याचं काय खरं नसतं" म्हणणार. मी एकतीस वर्षं हवामान निरीक्षकाचं काम केलं, हे वाक्य चहाच्या टपरीवर किती वेळा ऐकलं त्याची नोंद ठेवली नाही एवढंच.

आता तुमचा हिशेब. एका दिवसात तुमच्याच रानावर सर येण्याची शक्यता सहात एक धरू. कमी वाटते. पण इशारा तीन दिवसांचा आहे. तिन्ही दिवस सुटण्याची शक्यता शंभरात अठ्ठावन्न, म्हणजे एकदा तरी भिजण्याची बेचाळीस. शेजारचे दिवस एकमेकांपासून पुरते सुटे नसतात, त्यामुळे आकडा जरा खाली धरा, एक-तृतीयांश म्हणा. एका बाजूला ताडपत्री आणि दोन माणसांची एक दिवसाची हजेरी. दुसऱ्या बाजूला काळी पडलेली ज्वारी आणि जनावरं तोंड लावणार नाहीत असा कडबा. तीनात एक शक्यता असेल तर नुकसान झाकण्याच्या खर्चाच्या तिपटीपेक्षा जास्त भरलं की झाकणं परवडतं. मालदांडीचा दाणा एकदा काळवंडला की बाजारात त्याला कोण विचारतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता "एवढ्या कोरड्या उन्हात पाऊस कुठून?" हा तुमच्या प्रश्नातला खरा रस.

ऊन आधी बघू. फेब्रुवारीच्या शेवटी सोलापूरची दुपार साधारण ३४ च्या आसपास असायची. ती ३८ ला जाते तेव्हा बहुधा वर, दोन-तीन किलोमीटरवर, प्रतिचक्रीवादळ बसलेलं असतं. नाव भयंकर आहे, पण त्यात वादळ काही नसतं. उलट हवा वरून खाली दबत येते, दबताना तापते आणि कोरडी होते, ढग धरत नाही. त्यात आपली काळी माती. ज्वारी निघाली, हरभरा निघाला, रान उघडं पडलं. ओल असती तर उन्हाचा बराच भाग ती उडवण्यात खर्ची पडला असता. ओल नाही, मग सगळं ऊन माती तापवतं आणि माती हवा तापवते. उजनीच्या पाण्यावर असलेला हिरवा उसाचा पट्टा आणि मंगळवेढ्याचं उघडं रान यांतून दुपारी मोटारसायकलवर जाऊन बघा, फरक तोंडालाच कळेल.

आता पाऊस. त्याच प्रतिचक्रीवादळाच्या कडेनं बंगालच्या उपसागरावरून दमट वारं फिरून आग्नेयेकडून, कर्नाटकातून आत येतं. पश्चिमेला आणि वायव्येला मात्र कोरडं, तापलेलं वारं. हे दोन वारे जिथं एकमेकांना भिडतात त्या रेषेला अंदाजात 'खंडित वाऱ्यांची रेषा' किंवा 'हवेच्या कमी दाबाची द्रोणीय रेषा' म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातून उत्तर कर्नाटकाकडे ती जमिनीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर आखलेली असते. सोलापूर नेमकं तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. ती शंभर किलोमीटर पश्चिमेला सरकली की आपण दमट बाजूला, पूर्वेला सरकली की कोरड्या. हवामानखात्याच्या नकाशात आपण मध्य महाराष्ट्रात मोडतो, पण अशा दिवसांत आपलं नातं पुण्यापेक्षा धाराशिव-लातूर आणि विजयपूर-कलबुर्गीशी जास्त असतं. म्हणून पुण्याचा अंदाज वाचून सोलापुरात ताडपत्री काढू नका.

दमट हवा आली म्हणून लगेच ढग होतो असंही नाही. वर दीड-दोन किलोमीटरवर गरम कोरड्या हवेचं झाकण असतं. खालची हवा चुलीवरच्या भाताच्या पातेल्यासारखी रटरटते, झाकण हलतं पण उघडत नाही. दुपारी तीन-चारला ऊन पुरेसं तापलं किंवा शेजारच्या वादळाचा गार झोत येऊन खालून ढुशी दिली की झाकण एका जागी फाटतं. मग तिथली हवा तासाभरात दहा-बारा किलोमीटर वर चढते. म्हणजे उष्णता आणि वळीव हे वैरी नाहीत, चूल आणि वाफ आहेत. नुसती चूल पेटली तर रखरख, वाफही धरली तर वळीव. आज तुमच्याकडं चूल आहे. वाफ यायची आहे.

ती आली की नाही हे ओळखायचं कसं, एवढंच खरं म्हणजे मला सांगायचंय. लोक दुपारचा पारा बघतात. वर्तमानपत्रंही तोच मोठ्या अक्षरांत छापतात. वादळाची चाहूल मात्र पहाटेचा पारा देतो. कोरड्या हवेत रात्री उष्णता आभाळात निघून जाते, पहाट गार होते. दमट हवा आली की ती गोधडीसारखी पांघरली जाते आणि किमान तापमान एका रात्रीत तीन-चार अंशांनी चढतं. जुळे सोलापुरात माझ्या गच्चीवर आज, बुधवारी, पहाटे १८ होतं. शुक्रवारी पहाटे ते २२ दिसलं, अंगावरची चादर नको झाली, पाठ चिकट झाली, तर दुपारी ढगांकडं लक्ष ठेवा.

याहून पक्की खूण हवी असेल तर दोनशे-तीनशे रुपयांचा खेळ आहे. साधे दोन थर्मामीटर सावलीत शेजारी-शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला मलमलीची स्वच्छ चिंधी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. वाऱ्यावर असू दे, नाहीतर पुठ्ठ्यानं दोन-तीन मिनिटं वारा घाला. आम्ही वेधशाळेत पांढऱ्या झडपांच्या पेटीत हेच करायचो, फक्त पेटी सरकारी. दुपारी कोरडा पारा ३८ आणि ओला १९ दाखवत असेल तर आर्द्रता १५ टक्क्यांच्या घरात आहे. ढग झालाच तर त्याचा तळ जवळजवळ चार किलोमीटरवर, त्यातून पडलेलं पाणी वाटेतच उडून जातं. आभाळातून राखाडी झालर लोंबताना दिसते, जमिनीला टेकत नाही, येते ती नुसती धूळ. पण कोरडा ३६ आणि ओला २४ दिसला की डाव बदलला. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते तो आकडा, सातावरून एकोणिसावर गेला, ढगाचा तळ दोन किलोमीटरवर आला. आता थेंब जमिनीपर्यंत पोचतो. बघा, दुपारचा पारा दोन अंशांनी उतरलाय आणि धोका वाढलाय. "आज जरा कमी आहे ऊन" म्हणून माणूस निवांत होतो तो नेमका हाच दिवस.

मी स्वतः इथंच एकदा फसलोय. मार्चची सुरुवात होती, मंगळवेढ्याच्या मामांनी फोनवर विचारलं, "भाच्या, बुचाड (पेंढ्यांचा रचलेला ढीग) उघडं ठेवू का झाकू?" सकाळी साडेआठचं निरीक्षण नुकतंच घेतलं होतं. हवा कोरडी, वारं उत्तरेचं. "खुशाल ठेवा" म्हणालो. दुपारी अडीचच्या निरीक्षणाला गेलो तर ओल्या फुग्याचा पारा पाच अंश वर, आणि वातकुक्कुट वळून आग्नेयेला तोंड करून बसलेला. फोन लावला तर मामा रानात, मामींना निरोप दिला. निरोप पोचायच्या आत टपोरे थेंब पोचले होते. मामा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, पुढच्या वर्षी मात्र फोन केला नाही. तेव्हापासून सकाळच्या वाचनावर कुणाला संध्याकाळची हमी देत नाही. दुपारी दोन-अडीचला पुन्हा बघायचंच. यंत्र नसेल तर धुराकडं बघा. सकाळी दक्षिणेकडं जाणारा चुलीचा धूर दुपारी वायव्येकडं वाकायला लागला तर वारं फिरलं.

आता दिवसांबद्दल माझं मत. आज आणि उद्या कोरडंच जाईल, दुपार ३७-३८. उद्या संध्याकाळी पूर्वेला, अक्कलकोटच्या बाजूला, क्षितिजावर कापसाचे ढीग दिसले तर समजा रेषा सरकायला लागली. शुक्रवारी पहिली सर झाली तर बहुधा जिल्ह्याच्या पूर्व कडेला, दक्षिण सोलापूर-अक्कलकोट किंवा बार्शीच्या बालाघाटाच्या डोंगराला धरून. तुमच्या मोहोळला त्या दिवशी वाऱ्याची आणि धुळीचीच शक्यता जास्त. तिन्हींतला वाईट दिवस शनिवार. तोवर दमट हवेचा थर जाड झालेला असेल आणि आदल्या दिवशीच्या ढगांनी झाकण सैल केलेलं असेल. वेळ दुपारी तीन ते रात्री नऊ. रविवारचं मी आज बोलणार नाही. आदल्या दिवशी कुठं पाऊस पडून रान गार झालं यावर रविवार ठरतो, आणि ते शनिवारी रात्रीशिवाय कुणालाच कळत नाही. मळणी सोमवारी दुपारनंतर ठेवा, पेंढ्या कोरड्या राहिल्या तरी सकाळची दमट हवा मळणीला वाईटच.

"मग मोबाइलमध्ये शनिवारी साडेचारला ढगाचं चित्र दाखवतंय ते?" असं विचाराल. अंदाजाची संगणकातली गणितं हवेचे चौकोन पाडून चालतात. २०२५ च्या मे महिन्यात आपल्याकडं भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा, आधीचा १२ चा होता. सुधारणा मोठीच आहे. पण वळवाच्या ढगाचा एक बुरूज पाच-दहा किलोमीटर रुंद, आयुष्य तास-अर्ध्या तासाचं. एवढ्याशा चौकोनांत तो जेमतेम मावतो. वादळी हवा जिल्ह्यावर कधी येणार हे गणित चार-पाच दिवस आधी चांगलं सांगतं. कुठल्या शिवारावर फुटणार हे तीन तासांआधी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. म्हणून मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला नियोजनासाठी, आणि शनिवारी दुपारी मात्र तीन तासांचा तात्कालिक इशारा. मेघदूत ॲपवर पहिला मिळतो, मौसमवर दुसरा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं सोडून कृती करा. व्हॉट्सॲपवर लाल अक्षरांत फिरतं ते बहुतेक वेळा मागच्या वर्षीचं असतं, तारीख बघायची सवय लावा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत वासराच्या वागण्यावरून पावसाची होणारी भाकणूक मीही दरवर्षी भक्तिभावानं ऐकतो, पण शनिवारची वेळ तिच्यात नसते.

एक विषय निघालाच आहे म्हणून. दरवेळी कुणीतरी म्हणतं, विमानं फवारणी करतात म्हणून असा अवकाळी येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापुरात २०१८ आणि २०१९ मध्ये ढगांत बीजारोपणाचा प्रयोग केला हे खरं, पण तो पावसाळ्यातल्या ढगांवर. फेब्रुवारीच्या निळ्या आभाळात पेरायला ढगच नसतो.

झाकण्याबद्दल दोन गोष्टी. वळवात आधी वारं येतं, मग पाणी. ढगातून कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून दहा-पंधरा किलोमीटर पुढं धावते. धुळीची भिंत दिसते, अंगाला एकदम गार लागतं, आणि पहिला थेंब पडायच्या आतच तुमची ताडपत्री शेजाऱ्याच्या बांधावर. दगड ठेवून भागत नाही, दोरी आडवी-उभी टाकून खुंट्यांना आवळा. खाली तुराट्यांचा थर द्या, कणसं आत, बुडखे बाहेर. आणि सकाळी ऊन आलं की ताडपत्री एका बाजूनं उचला, दिवसभर आवळून ठेवली तर आतल्या घामानंच दाणा काळा पडेल, मग दोष पावसाला द्याल.

मेव्हण्याला सांगा, बेदाण्याला सरीपेक्षा दमट रात्र जास्त नडते. पडदे संध्याकाळी सोडायचे, सकाळी हवा कोरडी झाल्यावर उघडायचे. ज्या रॅकवर माल दोन-तीन दिवसांचाच आहे तिथं जास्त लक्ष, हिरवा रंग तिथंच जातो. बाकी त्या धंद्यातलं ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

गारांचं विचारलं नाहीत, पण मनात असणार. २०१४ च्या फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीनं राज्यभर जे केलं ते आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांना अजून आठवतं. फेब्रुवारी ते एप्रिल हाच गारांचा मुख्य काळ, मे तेवढा नव्हे. कारण या दिवसांत वरच्या हवेत अजून थंडी असते, उत्तरेतून जाणाऱ्या पश्चिमी झंझावाताची शेपटी इथपर्यंत लोंबते, वर पश्चिमेचं जोराचं वारं असतं आणि गोठणरेषा, म्हणजे जिच्या वर पाणी गोठतं ती उंची, खाली असते. गार वितळायला वाट कमी पडते. यावेळच्या इशाऱ्यात गारपीट हा शब्द नाही. शुक्रवारच्या पत्रकात तो आला तर मात्र झाकणं कमी पडेल, पेंढ्या पत्र्याखाली न्याव्या लागतील. ढगाचा माथा ऐरणीसारखा पूर्वेला लांब ओढला गेला असेल आणि पोटाला हिरवट झाक दिसली, तर पत्रकाची वाट बघू नका.

विजेबद्दल मात्र मी हट्टी आहे. दरवर्षी आपल्याकडं रानात माणसं जातात, आणि बहुतेक वेळा लिंबाखाली नाहीतर बाभळीखाली. वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाट तीन सेकंदांनी आला तर वीज एक किलोमीटरवर, तीस सेकंदांनी आला तर दहा. तीसच्या आत आला की काम थांबवून पक्क्या घरात किंवा काचा लावून गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका. उघड्या रानात सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, आणि चार जण असाल तर एकमेकांपासून लांब. दामिनी ॲप आसपासच्या विजा दाखवतं, चांगलं आहे. पण कानाला गडगडाट आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, तिथं ॲप उघडत बसायचं नसतं. आणि ताडपत्री बांधायची राहिली असेल तर राहू द्या. म्हणूनच गुरुवार म्हणालो, शनिवारी ढग बघून नाही.

उष्णतेची लाट? नियमानं नाही. सपाटीवर पारा किमान ४० ला पोचला पाहिजे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी वर पाहिजे, किंवा मग थेट ४५. तेही उपविभागातल्या दोन केंद्रांवर सलग दोन दिवस. तुमचे ३८ सरासरीपेक्षा चार अंश वर असले तरी त्यात बसत नाहीत. नियमात बसत नाही म्हणून ऊन लागत नाही असं थोडंच आहे, यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास उभ्या असलेल्या माणसाला विचारा. असे फेब्रुवारी आता नवलाचे राहिले नाहीत. २०२३ चा फेब्रुवारी दिवसाच्या तापमानाच्या हिशेबानं देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता. वळवानंतर गारवा टिकेल ही आशाही ठेवू नका. सर आली की पंधरा मिनिटांत पारा दहा अंश पडतो, रात्र सुखाची जाते, आणि दुसऱ्या दिवशी तीच ओल वाफ होऊन अंगाला चिकटते. पारा कमी, जिवाची काहिली जास्त.

शनिवारी पाऊस झालाच तर मोजा. उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर, भिंतीपासून आणि झाडापासून लांब ठेवा, आणि सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरा. जेवढे मिलिमीटर भिजले तेवढा पाऊस, एका चौरस मीटरवर तेवढे लिटर. रविवारी सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस सरकारी नोंदीत रविवारच्या तारखेखाली लागतो, पडला शनिवारी तरी. पंचनाम्याच्या वेळी तारखेवरून वाद होतो तो यावरूनच, म्हणून डब्याचा पट्टीसकट एक फोटो काढून ठेवा, आणि मलाही पाठवा.